मुकी जाऊ

वडगाव रासाईच्या नदीकडच्या रानात रंभाबाईला ओळखत नाही असं माणूस सापडायचं नाही, आणि तिच्याशी मुद्दाम भांडण काढेल असंही सापडायचं नाही. उंची जेमतेम पाच फूट, हातापायांच्या काड्या आणि कपाळावर कायमची एक आठी. ती आठी रागाची की विचाराची, हे तिच्या नवऱ्याला, मच्छिंद्रलाही, इतक्या वर्षांच्या संसारात नीटसं उमगलं नाही. बहुतेक वेळा ती दोन्हींची असायची. राग आला की रंभा भांडी आपटत नसे, रडत नसे, माहेरी भांडगावला निघून जायची धमकी देत नसे. ती काहीतरी बनवायला घ्यायची.

म्हशीच्या शेपटाचंच घ्या. धार काढताना शेणानं भरलेला गोंडा सपकन तोंडावर बसतो, हे आपल्याकडच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या निमूट सोसलं. रंभानं सासरी आल्यावर आठ दिवस सोसलं. नवव्या दिवशी तिनं मोडक्या सायकलच्या कॅरिअरची स्प्रिंग काढून तिचा चाप केला आणि धारेच्या वेळी शेपूट म्हशीच्याच मागच्या पायाला अडकवून टाकलं. म्हैस दोनदा मागं वळून बघून गप झाली. पुढं डेअरीला दूध नेताना कॅन हिंदकळून साडी भिजायला लागली, तेव्हा तिनं झाकणाच्या आत ट्यूबची कडी बसवली. वाकून झाडताना कंबर धरते म्हणून खराट्याला प्लॅस्टिकच्या पायपाचा दांडा लावला. बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या आणि महिन्याभरात वस्तीवरच्या प्रत्येक खराट्याला पाईप आला. रंभानं कुणाला नाही म्हटलं नाही. एका घराला सोडून. ते घर तिच्या भिंतीला भिंत लावून होतं आणि त्यात तिची थोरली जाऊ ताईबाई राहत होती.

आजेसासऱ्याच्या काळापर्यंत हे घराणं मेंढरं घेऊन हिंडणारं. नदीला पाणी टिकायला लागलं तसं ते भीमेकाठी स्थिरावलं, मेंढरं गेली, ऊस आला, पण थोरल्या घरानं हुकूम सोडायचा आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या ही रीत काही गेली नाही. थोरला भाऊ ज्योतिबा स्वभावानं गरीब, त्यामुळं हुकमाचं खातं ताईबाईकडं. चौऱ्याण्णव साली दोघा भावांची वाटणी झाली. रान वाटलं, विहिरीचं पाणी वाटलं, कुठं आवाज चढला नाही. भांडण झालं ते मैना नावाच्या म्हशीवरून. चिठ्ठ्या टाकल्या आणि मैना धाकट्या घराला निघाली. आता खरं सांगायचं तर ती म्हैस ताईबाईनं वाढवली होती. आई मेलेलं रेडकू तिनं बाटलीनं दूध पाजून जगवलेलं. मच्छिंद्र दावं सोडायला गेला तेव्हा ताईबाई गोठ्याच्या दारात उभी राहून रडली होती. रंभाला ते दिसलं होतं. तरी ती म्हणाली नाही की राहू द्या, दुसरं जनावर द्या. चिठ्ठी निघाली म्हणजे निघाली, असा तिचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या हौदावर पाच-सात बायका असताना ताईबाई म्हणाली, "म्हैस नेली, नेऊ द्या. पर तिच्या वैरणीला ह्या वस्तीवरचा हात लागायचा न्हाई. जी कुणी रंभेला हात देईल, तिनं माझ्या दारात पाऊल टाकायचं न्हाई."

हा हात म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाला सांगावं लागेल. गवताचा भारा बांधणं एकटीचं काम आहे, डोक्यावर घेऊन घरी जाणंही एकटीचं आहे. पण जमिनीवरनं तो डोक्यावर चढवणं एकटीचं नाही. चाळीस किलोचा ओला भारा. एका बाजूनं आपण धरायचा, दुसऱ्या बाजूनं कुणीतरी, आणि एका दमात वर. म्हणून बांधावर भारा बांधून झालेली बाई त्याच्याशेजारी नुसती उभी राहते. ती हाक मारत नाही. वाटेनं जाणारी बाई आपण होऊन वळते, हात देते, आपल्या वाटेनं जाते. सवत असली तरी देते, वैरीण असली तरी देते. त्यात उपकार नाहीत आणि मागणंही नाही. मागावं लागणं म्हणजेच काहीतरी बिनसलं, असं समजायचं.

त्या भाद्रपदात रंभाला सातवा महिना होता. मच्छिंद्र कारखान्याच्या पाळीवर गेलेला. मैनेला वैरण नव्हती. रंभानं नदीकडच्या रानात गवत कापलं, भारा बांधला आणि त्याच्याशेजारी उभी राहिली. पहिल्या दोघी वाटेनं गेल्या त्या मान खाली घालून गेल्या. तिसरी तर वाट सोडून उसातनं गेली. मग रानात एकटी ताईबाई उरली, चार हातांवर, बांधाच्या पलीकडं, घास कापत. तिनं एकदा मान वर करून रंभाकडं बघितलं. रंभानंही बघितलं. ताईबाईनं विळा दगडावर घासला आणि पुन्हा रंभाकडं बघितलं. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी रंभा गुडघ्यावर बसली, भारा मांडीवर ओढला, मांडीवरनं छातीवर घेतला आणि दात आवळून डोक्यावर टाकला. वस्ती येईपर्यंत तिच्या पायांवरनं ओघळ लागले होते. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात झालं ते पोर मेलेलंच झालं. मुलगी होती. डोक्यावर भरपूर जावळ होतं, असं नर्स सांगत होती.

ताईबाई भेटायला आली नाही. यायला हवी होती असंही रंभाला वाटलं नाही. बाजेवर पडल्या पडल्या तिनं आढ्याकडं बघत एवढंच ठरवलं, की ह्या बाईच्या तोंडून 'हात दे' हे दोन शब्द ऐकायचे. भाऱ्याशेजारी उभी राहून, बांधावर, मोठ्यानं. ऐकल्यावर हात द्यायचा की नाही ते मग बघू. त्याआधी तिला मरण येऊ नये. रंभा देवाला हात जोडायची ते ताईबाईच्या आयुष्यासाठी, आणि बघणाऱ्यांना वाटायचं, केवढं मोठं मन.

बाळंतपणाला म्हणून जायचं त्या माहेरी, भांडगावला, ती रिकाम्या हातांनी गेली आणि महिनाभर तिथं राहिली. माहेराजवळ गुऱ्हाळ होतं. दुपारी ती तिथं जाऊन बसे. युपीकडचे कामगार रसाची मोठी कढई चुलाणावरनं एका बाजूला कलती करायचे ते लांब दांड्यानं. मध्ये टेकण, एका टोकाला कढई, दुसऱ्या टोकाला माणूस. माणूस वाळका, कढई दहा माणसांची, आणि तरी कढईच उठायची. रंभा बघतच राहिली. एकानं विचारलं, "क्या देख रही हो दीदी?" ती म्हणाली, "एकला आदमी कैसा उठाता?" तो म्हणाला, "आदमी नहीं उठाता, दीदी. डंडा उठाता है. अपनी तरफ लंबा रखो, बस." रंभाच्या कपाळावरची आठी त्या दिवशी खोल गेली.

यवतला हायवेवर नवनाथचं वेल्डिंगचं दुकान होतं. नवनाथ भांडगावचाच, बौद्धवाड्यातला, शाळेत रंभाच्या दोन इयत्ता पुढं. गेट, खिडक्या, ट्रॅक्टरची औजारं करायचा. रंभानं त्याच्या दुकानाच्या फरशीवर कोळशानं चित्र काढलं आणि तो डोकं खाजवत खाली बसला.

"रंभाताई, हे हाय तरी काय?"

"हात हाय," रंभा म्हणाली.

दोघांनी दोन वर्षांत तीनदा केलं आणि तीनदा मोडलं. पहिल्या खेपेला भारा वर जाऊन पलीकडं पडला. दुसऱ्या खेपेला दांडा वाकला. तिसऱ्या खेपेला सगळं जमलं, पण भाऱ्याखाली डोकं घातल्यावर बाहेरच पडता येईना. रंभानं रात्रीची झोप नाही घालवली, पण भाकरी थापताना, धार काढताना तिचे हात हवेत काहीतरी मापत राहायचे. शेवटी सत्त्याण्णवच्या संक्रांतीच्या सुमाराला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं ते धूड वडगावला आलं आणि नदीच्या वाटेवर, तिच्या बांधाच्या कोपऱ्यात, सिमेंटात उभं राहिलं.

कमरेइतका उंच, जाड पाईप. त्याच्या डोक्यात बसवलेला लांब लोखंडी दांडा, लहान पोरांच्या घसरगुंडीशेजारी असतो ना वर-खाली होणारा, तसा. दांड्याच्या आखूड टोकाला पुढं दोन वाकडी बोटं. ती जमिनीला टेकवायची आणि भारा लोळवत त्यांच्यावर घ्यायचा. मग लांब टोकाला लटकणाऱ्या दोरीच्या फासात पाय घालून अंगाचा भार टाकायचा. लांब टोक खाली येई, भारा डोक्याइतका वर जाई. खाली आलेलं टोक जमिनीत रोवलेल्या दोन पत्र्यांच्या मध्ये बसायचं आणि वरून पत्र्यांच्या भोकांतनं खीळ सारली की दांडा जागचा हलत नसे. आता निवांत चुंबळ ठेवा, दोन बोटांच्या मधनं खाली शिरा, ताठ उभ्या राहा आणि पुढं चालू लागा. बोटं पुढनं मोकळी होती, भारा तुमच्याबरोबर चालू लागे.

म्हातारी अनसाबाई, जिला पाच वर्षं कुणी भारा उचलू दिला नव्हता, ती त्या दिवशी भारा घेऊन दहा पावलं चालली आणि वळून म्हणाली, "आगं बया, ही बरी जाऊ! हात देती आन् तोंड उघडत न्हाई." तेव्हापासून त्या यंत्राचं नाव मुकी जाऊ पडलं. नदीपलीकडनं, दौंडच्या बाजूनंही माणसं बघायला आली.

रंभा सगळ्यांना ते वापरू देई. थोरल्या घराला तेवढं नाही. ती बांधावर शेंगा फोडत, नाहीतर गोधडीला टाके घालत बसून राही. ताईबाईनं भारा बांधला की रंभाचे हात थांबत. आता बायका मुक्या जावेकडं वळत होत्या. बांधावर कुणी कुणासाठी थांबायचं कारण उरलं नव्हतं. ज्या बाईच्या एका शब्दावर वस्तीवरच्या बायकांनी माना खाली घातल्या होत्या, ती भाऱ्याशेजारी उभी राही आणि वाटेवर चिटपाखरू नसे. रंभाला आतून असं गार वाटायचं की काय सांगावं. आता म्हणेल, आता म्हणेल.

ताईबाई म्हणाली नाही. ती भारा सोडायची, त्याचे दोन करायची आणि दोन खेपा घालायची. दुसऱ्या खेपेला रंभासमोरनं जाताना मानही वळवायची नाही.

आणि एक दिवस रंभाला यंत्राच्या बोटांत लसूणघासाच्या काड्या अडकलेल्या दिसल्या. तिथं लसूणघास फक्त थोरल्या घरच्या रानात होता. खिळीच्या भोकाशी ताजा ओरखडा होता, कुणीतरी विहिरीवरचा साधा गज घालून काम भागवलेलं. म्हणजे रंभा बाजाराला गेली की ही बया फुकटात भारा उचलून नेत होती, न मागता, न बोलता! रंभाच्या अंगाचा तिळपापड झाला. पोर गिळलं ते गिळलं, आता हातही चोरायचा?

ती नवनाथकडं गेली. म्हणाली, मला मधे गळा असलेल्या खिळी हव्यात, मधे बारीक, दोन्हीकडं जाड, म्हणजे दांडा गळ्यात बसला की खीळ सरकायची नाही. पंधरा. त्यानं करून दिल्या. मग ती म्हणाली, आणि पत्र्यांची भोकं उतरती कर, बाहेरच्या बाजूला. नवनाथनं हातातला चष्मा खाली ठेवला.

"ताई, मग साधा गज राहायचा न्हाई त्यात. आधी वाटंल बसला, आन् बाई खाली शिरली, जरा धक्का लागला की निसटंल. मानंवर यील की कुणाच्या."

"यिऊ दे."

"मी न्हाई करणार. माझ्या हातनं न्हाई व्हायचं."

"नको करू. कानस दे तेवढी."

त्यानं कानस दिली, कारण कानस कुणीही कशासाठीही मागतं. तीन दुपारी ऊन डोक्यावर घेऊन रंभा ती भोकं घासत बसली. भुगा पडत होता तो ती पदरानं पुसून घेत होती. मनात ताईबाईची मान. जाड, काळी, पुतळ्यांच्या माळेचा वण पडलेली मान. बरोबर कुठल्या जागी बसेल तेही तिनं बघून ठेवलं. कुणाला वाईट वाटायचं तर वाटू दे, पण त्या तीन दुपारी ती फार सुखात होती.

वस्तीवरच्या चौदा घरांना तिनं एकेक खीळ दिली आणि बजावलं, हिच्याशिवाय दुसरं काही घालायचं नाही. बायकांनी खिळी किल्ल्यांच्या जुडग्यात ओवल्या. पंधरावी रंभाच्या कमरेला. ताईबाईनं यातलं काही ऐकलं का, ते कळायला मार्ग नाही. पण तिनं पुन्हा मुक्या जावेला हात लावला नाही. कदाचित काड्या सापडल्याचं तिला कळलं असेल आणि लाज वाटली असेल. ती आपली दोन खेपा घालत राहिली. एक साल गेलं, दुसरं गेलं, सहा गेली. ताईबाईचे गुडघे गेले, दोनाच्या तीन खेपा झाल्या. रंभा बांधावर बसून मोजत राहिली. मधल्या काळात तिला मुलगा झाला, मच्छिंद्रनं मोटारसायकल घेतली, मैना म्हातारी होऊन मेली. ज्या म्हशीवरनं हे सगळं झालं ती मेली त्या दिवशी दोन्ही घरांत कुणी जेवलं नाही, पण कुणी कुणाच्या दारातही गेलं नाही.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात ताईबाईच्या मुलाचं लग्न झालं आणि स्वप्नाली घरात आली. मुलगी शिरूरला कॉलेजात बारावीपर्यंत शिकलेली, हसरी, बोलघेवडी. रंभा दिसली की "धाकल्या आत्या, बरं हाय का?" असं विचारायची. रंभा हुंकार द्यायची. सासूनं तिला मुक्या जावेकडं बोट करून ताकीद दिली होती, "त्या मढ्याकडं फिरकायचं न्हाई." का, ते सांगितलं नव्हतं. सासूला तरी ते सगळं कुठं ठाऊक होतं!

पुढच्या सालच्या भाद्रपदातली गोष्ट. दुपार टळलेली. रंभा आपल्या रानात मक्याची कणसं मोडत होती. सहज मान वर केली तर मुक्या जावेचं आखूड टोक वर चाललेलं. कोण आली एवढ्या उन्हाची, म्हणून तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. स्वप्नाली. पोट पुढं आलेलं, सहावा सरून सातवा लागलेला. शिकलेली पोर, तिनं लांबनं बघून बघून यंत्राची रीत बरोबर ध्यानात ठेवली होती. फासात पाय घातला, टोक खाली आणलं आणि विहिरीवरचा गज आणला होता तो भोकांतनं सारला. भारा वर जाऊन थांबला. आपली हुशारी बघून ती हसलीसुद्धा. मग तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली.

"आगं, शिरू नको! स्वप्ने, शिरू नको खाली!"

मक्याच्या सळसळीत ते कुणाला ऐकू जाणार. रंभा पळाली. कणसांची पाटी कुठं पडली, चप्पल कुठं राहिली, तिला माहीत नाही. ती पोचली तेव्हा स्वप्नाली दोन बोटांच्या मधे शिरून ताठ होत होती आणि गज बाहेरच्या बाजूला सरकत होता, अगदी रंभानं घासून ठेवलं होतं त्या उतारावरनं. रंभानं दांड्याच्या लांब टोकावर अंग टाकलं. गज टणकन उडाला. टोक वर उसळलं आणि पत्रा व दांडा यांच्या मधे रंभाचा डावा हात सापडला, मनगटाच्या वर. खिळीच्या जागी आता तो हात होता.

पलीकडं भारा तिरका होऊन स्वप्नालीच्या मानेवर आणि एका खांद्यावर आलेला. ती गुडघ्यांवर बसली होती, पदर लोखंडी बोटात गुंतलेला, दोन्ही हात पोटावर. "आत्या, मला हलता यीना," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता. रंभानं हात सोडवायचा म्हटलं तरी सुटत नव्हता, आणि सुटला असता तर सगळं लोखंड भाऱ्यासकट त्या पोरीवर आलं असतं. एक टोक हिनं धरलेलं, दुसरं टोक तिच्यावर. मधे तिसरं माणूस हवं होतं.

"अनसामावशी! गिताबाई! आगं कोण हाय का तिकडं?"

कोण असणार? पूर्वी या वेळेला बांधावर चार-पाच जणी बसलेल्या असत, एकमेकींच्या भाऱ्यांची वाट बघत, गप्पा हाणत. मुकी जाऊ आल्यापासून ज्या त्या बाईनं आपल्या वेळेला यावं, आपला भारा उचलावा, चालू लागावं. बांध ओस पडला होता तो रंभाच्याच करणीनं. नदीपर्यंत सगळं रान रिकामं, आणि दोन शेतं सोडून, लसूणघासात, वाकलेली एक पाठ.

रंभानं ओठ चावले. स्वप्नालीची मान खाली गेली.

"आक्का!" रंभा ओरडली. "आक्का, हात द्या! आक्का, हात द्या वो!"

ती पाठ ताठ झाली. विळा फेकल्याचं रंभाला दिसलं. आणि ताईबाई, जिला घरातनं हौदापर्यंत जाताना भिंत धरावी लागायची, ती ढेकळांतनं, सऱ्यांतनं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पळत आली. एकदा पडली, उठली, पळत आली. आधी भाऱ्याखाली खांदा लावला, लोखंडी बोटं वर उचलून धरली, दातांनी पदर फाडून सुनेला मोकळं केलं आणि पायानं बाजूला लोटलं. मग बोटं आणखी वर रेटली, तसं पलीकडचं टोक खाली गेलं आणि रंभाचा हात सुटला. तो हात आता हातासारखा दिसत नव्हता.

स्वप्नाली बांधाला टेकून श्वास घेत होती. ताईबाईनं तिच्या पोटावर हात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला. "हलतंय," ती म्हणाली. मग तिची नजर पत्र्यांवर गेली. ती उठली आणि तिनं त्या घासलेल्या, चकचकीत उतरत्या भोकांवरनं बोट फिरवलं.

"हे कुणी केलं?"

"मी," रंभा म्हणाली. "तुमच्यासाठी केलं हुतं."

ताईबाईनं आपल्या मानेवरनं एकदा हात फिरवला. मग आपल्या पदराचं टोक फाडून ते रंभाच्या हाताला गुंडाळायला लागली, घट्ट, जनावराच्या मोडक्या पायाला बांधतात तसं. रंभानं हात ओढून घेतला नाही, कारण अंगात त्राणच नव्हतं. पण डोकं तिचं पेटलं होतं. हात तुटल्याचं तिला काही वाटत नव्हतं. आपण मागितलं, आपल्या तोंडून ते शब्द गेले, त्याचंही आता काही वाटत नव्हतं. तिला सहन होत नव्हतं ते ह्या बाईचं पळत येणं. दोन शेतांवरनं, मोडक्या गुडघ्यांनी, पहिल्या हाकेला. इतकं सोपं होतं हे!

"आत्ता पळत आलात," रंभा म्हणाली. "त्या दिशी चार हातांवर हुता. माझ्या पोटात लेक हुती. का न्हाई दिलात, आक्का? का न्हाई दिलात?"

ताईबाईनं गाठ मारली.

"मी थांबले हुते की," ती म्हणाली. "इळा घासत थांबले हुते. म्हटलं, आता मागंल. एकदा म्हणंल, आक्का हात द्या, म्हंजी लगेच जाईन. तू मागितलाच न्हाईस, रंभे. तू बघत हुतीस नुसती."

रंभाला त्या बाईच्या झिंज्या धराव्याशा वाटल्या, आणि कशासाठी धरायच्या ते सांगता येईना. सहा वर्षं ह्याच बांधावर बसून ती स्वतः काय करत होती, ते तिला ताईबाईच्या तोंडून ऐकावं लागलं होतं.

स्वप्नालीला घरी न्यायला हवं होतं. तिला एकटीला उठता येत नव्हतं. ताईबाई एका काखेत शिरली आणि रंभाकडं न बघता दुसऱ्या बाजूला थांबली. रंभा उठली, धड असलेला हात तिनं पोरीच्या पाठीमागनं घातला, आणि दोघींनी एका दमात तिला उभी केली.